वसते घर विकताना

घर विकण्याची गोष्ट मराठी कुटुंबात सहजासहजी तोंडाबाहेर पडत नाही. दागिना मोडला, शेत गहाण पडले तर तो नाइलाज समजला जातो. घर विकले की गावात कुजबुज सुरू होते. तरीही घरे विकली जात आहेत. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी हे पोलीस ठाण्याचे गाव घ्या, किंवा वैनगंगेच्या खोऱ्यातील त्याच्यासारखे कोणतेही मोठे खेडे घ्या. शिकलेली मुले नागपूर-पुण्याकडे गेली, तेथे सदनिकेचे हप्ते सुरू झाले, गावातील मातीच्या भिंतींचे कवेलू दरवर्षी फेरण्याला माणूस मिळेना, आणि वडिलोपार्जित घराच्या दोन खोल्या किरायाने दिल्या गेल्या. एका खोलीत शिक्षक, दुसरीत ठाण्यावर बदलून आलेला शिपाई, पुढच्या ओसरीत एखादे शिलाईचे वा किराण्याचे दुकान. आज म्हातारे आईवडील मुलाकडे गेले आहेत किंवा राहिलेले नाहीत, आणि घर विकायचे ठरले आहे. घर रिकामे मात्र नाही.

हा प्रश्न एका गावाचा नाही. परंतु खेड्यात तो ज्या रूपात येतो त्याची चर्चा होत नाही, कारण भाडेकरू म्हटला की वर्तमानपत्रांना गिरगावातील चाळ आठवते. करडीच्या शिक्षकाचे काय, हे कोणी विचारीत नाही. शासन त्याला मुख्यालयी राहा म्हणून बजावते, न राहिल्यास घरभाडे भत्ता रोखण्याची भाषा करते. पण तो ज्या खोलीत राहतो ती उद्या दुसऱ्याच्या नावावर झाली, तर त्याने कोणत्या दाराशी जायचे याचा विचार त्या परिपत्रकांत नसतो. दुसऱ्या बाजूला, ज्याच्या नावावर घर आहे त्याचीही कोंडी खरी आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी वा बहिणींचे वाटे देण्यासाठी त्याला पैसा हवा असतो, आणि गिऱ्हाईक एकच वाक्य बोलते : आधी खाली करून द्या, मग बोलू.

या एका वाक्यातून पुढची सारी कटुता जन्म घेते, म्हणून ते नीट तपासले पाहिजे. भाडेकरू राहत असताना घर विकता येत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. मालक केव्हाही आपले घर विकू शकतो आणि त्यासाठी भाडेकरूची संमती लागत नाही. याउलट, विक्री झाली की भाडेकरूचा हक्क संपला, हा दुसरा समजही तितकाच चुकीचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ ने हा विषय सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी निकालात काढला आहे. खरेदीदार मूळ मालकाच्या जागी उभा राहतो. मालकाचे जे हक्क होते ते त्याला मिळतात आणि मालकावर जी बंधने होती ती त्याच्यावरही येऊ शकतात. भाडेकरूने नव्या मालकाला ‘मालक’ म्हणून मान्यता द्यावी, अशी वेगळी अट नाही. विक्रीपूर्वीचे थकलेले भाडे मात्र खरेदीदाराला आपोआप मिळत नाही; ते हवे असेल तर खरेदीखतात तसे लिहावे लागते. आणि विक्रीची वार्ताच नसलेल्या भाडेकरूने जुन्या मालकाच्या हाती भाडे दिले, तर नवा मालक तेच भाडे पुन्हा मागू शकत नाही.

याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आणखी एक सूक्ष्म पण महत्त्वाची तरतूद आहे. घर विकत घेणाऱ्याला, त्या घरात प्रत्यक्ष ताबा असलेल्या व्यक्तीच्या हक्काची सूचना मिळालेली आहे, असेच कायदा धरून चालतो. साध्या शब्दांत, दारात दुसऱ्याच्या चपला दिसत असताना ‘आत कोण राहते ते मला ठाऊक नव्हते’ असे खरेदीदाराला म्हणता येत नाही. त्याने आत जाऊन विचारायचे असते : आपण येथे कोणत्या नात्याने राहता, किती भाडे देता, किती अनामत ठेवली आहे? नागपूरला बसून, छायाचित्रे पाहून, दलालाच्या शब्दावर गावातील घर घेणाऱ्यांनी हे कलम विशेष ध्यानात ठेवावे.

पूर्व विदर्भाला तर ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. १८६० च्या दशकातील बंदोबस्तात मध्य प्रांतात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि ती विकण्याचा अधिकारही मिळाला. गावेच्या गावे, किंवा त्यांचे आणे-पैचे हिस्से, सावकारांच्या आणि दूरच्या धनिकांच्या नावे झाले. मालगुजार बदलला, पण मौरूसी हक्काचा काश्तकार आपल्या धानाच्या बांधीतून त्यामुळे उठला नाही. १८९८ व १९२० च्या कूळकायद्यांनी त्याला संरक्षण दिलेले होते. गाव विकले जाई, कूळ जागेवर राही. पुढे १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. त्याही वेळी गावठाणातील घरे, आवार, आवारातील विहिरी व झाडे ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहू दिली गेली. ‘माजी मालगुजारी’ तलावांच्या आद्याक्षरांवरून पडलेले ‘मामा तलाव’ हे नाव भंडाऱ्यात आजही रोज उच्चारले जाते; त्या नावाबरोबरच, मालकी बदलली तरी वहिवाट एका रात्रीत पुसली जात नाही, हे व्यवहारज्ञानही या भूमीत मुरलेले आहे.

त्याही मागे जायचे तर कौटिल्याकडे जाता येईल. परकीयांनी येऊन आपल्याला मालमत्तेचा कायदा शिकवला, असे मानणाऱ्यांनी अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातील वास्तुविषयक अध्याय जरूर चाळावेत. घर विकायचे तर विकत घेण्याचा पहिला मान आप्तांचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा, असा क्रम तेथे आहे. विक्रीची घोषणा चारचौघांत व्हावी, शेजारच्या चाळीस कुळांपुढे घराच्या दारात किंमत पुकारली जावी, असे विधान आहे. आणि भाडेकरूविषयी? जा म्हटल्यावरही न जाणाऱ्या भाडेकरूस दंड, आणि भाडे देणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढणाऱ्या मालकासही तोच दंड. अपवाद फक्त भाडेकरूने मारहाण, चोरी, अत्याचार वा खोटा कब्जा असे काही केले असेल त्याचा. भाडेकरू आपणहून निघून गेला तर वर्षाचे उरलेले भाडे त्याने द्यावे, हेही तेथे आहे. दोन्ही पारडी हातात धरून लिहिलेला तो मजकूर आहे. दोन सहस्र वर्षांनंतरच्या आपल्या कायदेमंडळांना तो तोल साधला, असे म्हणणे कठीण आहे.

स्वातंत्र्यानंतरचा भाडेनियंत्रणाचा इतिहास हा त्या बिघडलेल्या तोलाचाच इतिहास आहे. महाराष्ट्राच्या तीन भागांत तीन व्यवस्था होत्या : मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई कायदा, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा आणि विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश. विदर्भातील पद्धत निराळी होती. ज्या नगरांना तो आदेश लागू होता तेथे भाडेकरूला नोटीस देण्यापूर्वी मालकाला भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी काढावी लागे, आणि तेथे एक फेरी, मग दिवाणी न्यायालयात दुसरी फेरी, अशी दुहेरी यात्रा घडे. घर रिकामे झाले तरी त्याची वर्दी शासनाला द्यायची, आणि ते शासकीय नोकरांना देण्याचा अधिकार शासनाचा! घर मालकाचे, कर मालकाने भरायचा, डागडुजी मालकाची. मर्जी मात्र सरकारची. या पिढीतील मालकांच्या मनात भाडेकरूविषयी जी धास्ती बसली ती अशी उगाच बसलेली नाही.

मुंबईत तर प्रमाणित भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले गेले आणि गोठलेलेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात, या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी ठरल्या आहेत असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून राज्यभरासाठी एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि तिन्ही जुन्या व्यवस्था संपल्या. त्यात वार्षिक ४ टक्के भाडेवाढीची मुभा आली. तथापि तोवर अर्धशतक उलटले होते. तुटपुंज्या भाड्यात इमारती सांभाळल्या गेल्या नाहीत, त्या खचल्या, आणि मालकांनी त्या भाडेकरूंसह मिळेल त्या किमतीला फुंकून टाकल्या. राज्याने १९८६ मध्ये दुसऱ्या टोकाला उडी मारली. म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालून, उपकरप्राप्त इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत ती इमारत संपादित करण्याची सोय केली. गोठलेल्या भाड्याच्या शंभरपट म्हणजे काय, याचा हिशेब कोणीही करावा! त्यावरून सुरू झालेला वाद नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत पोहोचला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय आला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या कलम ३९(ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. समाजवादाच्या नावाखाली माणसाच्या घामाच्या घराकडे सरकारी साधन म्हणून पाहण्याच्या वृत्तीला त्यामुळे मर्यादा पडली, हे स्वागतार्ह आहे.

परंतु या साऱ्या संघर्षात खेड्यातील भाडेकरू कोठे आहे? तो कोठेच नाही. १९९९ चा अधिनियम सर्व महाराष्ट्राचा म्हणवतो, पण त्यातील भाडेकरूचे संरक्षण ज्या क्षेत्रांना तो लागू केला आहे तेवढ्यापुरतेच आहे, आणि ती प्रामुख्याने शहरे व नगरे आहेत. त्याबाहेर राहिलेल्या गावांत, आणि पूर्व विदर्भातील बहुसंख्य खेडी त्यांतच मोडतात, भाडेकरूचे नशीब १८८२ च्या कायद्यावर अवलंबून असते. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस दिली की त्याचा भाडेपट्टा संपुष्टात येतो. जो दक्षिण मुंबईत दोन आकडी भाडे देतो त्याला काढायला पिढी जाते, आणि जो खेड्यात ठरलेले पूर्ण भाडे दर महिन्याला हातावर ठेवतो, त्याची वस्ती कायद्याच्या लेखी पंधरवड्याची असते! हा विरोधाभास राज्यकर्त्यांना दिसलेला नाही; बहुधा खेड्यात कोणी भाड्याने राहते हेच त्यांच्या ध्यानी नसावे.

तरीही त्या पंधरवड्यानंतर मालकाला वा खरेदीदाराला सामान बाहेर फेकण्याचा अधिकार मिळतो, असे मुळीच नाही. नोटिशीनंतरही भाडेकरू न निघाल्यास मार्ग न्यायालयाचाच. कायदेशीर मार्गाखेरीज कोणाचा ताबा हिसकावला गेला तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. शहरांत १९९९ च्या कायद्याचे कलम २९ आहे. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडून भाडेकरूला घायकुतीला आणणे हा त्याखाली गुन्हा आहे.

हे सांगण्याचे कारण, गावोगाव उगवलेला ‘खाली करून देणाऱ्यां’चा धंदा. मालकाला गिऱ्हाईक हवे, गिऱ्हाइकाला रिकामे घर हवे, आणि मधे कोणीतरी ‘वजनदार’ माणूस उभा राहतो. तो काही टक्क्यांवर जबाबदारी घेतो. मग रात्री विहिरीचा मोटारपंप बंद पडतो, दारासमोर रेती-गिट्टीचा ढीग पडतो, छपराचे कवेलू ‘दुरुस्तीसाठी’ उतरवले जातात आणि ऐन मृगात ते पुन्हा चढत नाहीत. शिपायाच्या वाटेला असे सहसा कोणी जात नाही. परगावहून आलेली परिचारिका, एकटी अंगणवाडी सेविका, शिलाईवर पोट भरणारी विधवा यांच्याच वाट्याला ते येते. या माणसाच्या गळ्यात कोणत्याही पक्षाचा दुपट्टा असो, समाजासाठी काम करण्याचे व्रत घेतलेल्या कार्यकर्त्याने त्याच्या ओसरीवर चहासुद्धा घेऊ नये. आणि असला व्यवहार आपल्याच ओळखीच्या माणसाकडून होत असेल, तर तेथे मौन बाळगणे ही मैत्री नव्हे.

भाडेकरू सर्वत्र साधुसंतच असतात, असे अर्थातच नाही. दोन वर्षांसाठी म्हणून राहायला आलेला माणूस घर विकायला निघाल्याचे कळताच वीजबिल आपल्या नावावर करून घेतो, ‘उठायचे किती देता’ म्हणून विचारतो, आणि मालकाच्या मुलीच्या लग्नाची तारीख पाहून आकडा वाढवीत जातो, हेही महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहे. निवाऱ्याचा हक्क वेगळा आणि अडवणुकीची किंमत वेगळी. दुसऱ्याच्या वास्तूत राहून त्याच्या अडचणीवर पैसा कमावणारा आणि पाणी तोडणारा, हे दोघे एकाच माळेचे मणी होत.

राज्याच्या कायद्यात एक उणीव मात्र उघड आहे. दिल्लीच्या १९५८ च्या भाडेकायद्याप्रमाणे, विकत घेऊन मालक झालेल्याला ‘मला स्वतःला राहायला हवे’ या कारणावरून पाच वर्षे अर्जच करता येत नाही. उत्तर प्रदेशाच्या १९७२ च्या कायद्याने हीच मुदत तीन वर्षांची ठेवली होती. म्हणजे जो भाडेकरू दिसत असताना, त्याच्यामुळे कमी झालेल्या किमतीत घर घेतो, त्याने काही काळ थांबावे, एवढेच. महाराष्ट्राच्या कलम १६ मध्ये अशी थांबण्याची मुदत नाही. न्यायालय दोघांपैकी अधिक हाल कोणाचे होतील हे तोलते, पण ते वर्षानुवर्षांच्या सुनावणीनंतर. भाडे बाजारभावाने घेण्याची मोकळीक मालकाला द्यावी, आणि त्याबरोबर विक्रीनंतर ठरावीक काळ वसते घर हलणार नाही याची हमी भाडेकरूला द्यावी. शहर असो वा खेडे, दोघांना एकच न्याय लावावा. केंद्राने २ जून २०२१ रोजी संमत केलेला आदर्श भाडेकरार कायदा राज्यांपुढे आहे. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत नको, अशी मर्यादा त्यात सुचवली आहे. त्याचा विचार करताना मुंबईच्या दोन्ही गटांच्या आरडाओरड्यात पूर्व विदर्भाचे नाव निदान एकदा तरी घेतले जावे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. गावाच्या हाती जे आहे ते कागदाचे काम आहे, आणि खेड्यात सर्वाधिक आळस त्याचाच असतो. खोली दिली ती तोंडी, भाडे घेतले ते पावतीविना, अनामत घेतली ती ‘घरचीच माणसे’ म्हणून. चांगुलपणाच्या दिवसांत हे शोभते. विक्रीच्या दिवशी मालकालाही सिद्ध करता येत नाही की हा माणूस अकरा महिन्यांसाठी आला होता, आणि भाडेकरूलाही सिद्ध करता येत नाही की त्याने वीस हजार ठेवले होते. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ लेखी व नोंदणीकृत करार सक्तीचा करते, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते, आणि करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरण्याची मुभा देते. ज्या गावात हे कलम लागत नसेल तेथेही त्यातील शहाणपण लागू करायला कोणी अडवलेले नाही.

खरेदीदाराने आणखी एका गोष्टीकडे पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा म्हणजे मालकीचा दाखला, अशी खेड्यात पक्की समजूत आहे. वस्तुतः तो कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असल्याने कर कोणाकडून वसूल करायचा एवढेच ठरते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या घराची पत्रिका व सनद झाली आहे त्याचा व्यवहार अधिक निश्चिंतपणे करता येतो. जेथे ती चार भावांच्या नावे निघाली आहे तेथे एकाच भावाकडून घर घेऊन, तीन बहिणींच्या सह्या नंतर आणू म्हणणाऱ्याला भाडेकरूपेक्षा मोठी अडचण घरच्याच माणसांकडून येणार असते.

आणि ज्या दिवशी तालुक्याच्या दुय्यम निबंधकांपुढे खरेदीखत होईल, त्याच दिवशी जुन्या मालकाने भाडेकरूला दोन ओळींचे पत्र द्यावे : घर अमुक दिनांकास अमुक व्यक्तीस विकले आहे, पुढील महिन्यापासून भाडे त्यांना द्यावे, आपली अनामत रक्कम इतकी असून ती त्यांच्याकडे वर्ग केली आहे. खाली विकणारा व घेणारा या दोघांच्या सह्या असाव्यात आणि एक प्रत खरेदीखतासोबत ठेवावी. शाळेचे वर्ष संपेपर्यंत शिक्षकाला राहू द्यायचे ठरले असेल, तर तेही त्याच कागदावर तारखेसह लिहावे. एप्रिलच्या अखेरीस परीक्षा आटोपतात, बदल्यांचे आदेश निघू लागतात, आणि घर बदलण्याला खेड्यात तोच काळ सोयीचा असतो.